मामाने रोवलेला खुंट

मंगळवारी सकाळी अल्फियस मॅकी आणि त्याचा मामा थिऑफिलस नेहमीसारखेच शंख काढायला निघाले. वारा पडला होता. अँड्रॉस बेटाच्या पश्चिमेचा समुद्र मैलोन् मैल उथळ, तळाला पिठासारखा पांढरा चिखल, आणि वारा पडला की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. अशा दिवशी तळ स्वच्छ दिसतो, म्हणून पिजन ब्लफ गावातले सगळे कोळी अशाच दिवसाची वाट बघतात.

होडीत माणसं दोन. पुढे ओणवा होऊन बसतो तो काचवाला. त्याच्या हातात लाकडी बादली, बादलीचा तळ काचेचा. ती पाण्यात दाबून तो तोंड आत घालतो आणि तळ बघतो. दुसरा मागे उभा राहून एकाच वल्ह्याने होडी हाकतो. काचवाल्याची नजर आत असते तेव्हा बोलायचं नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. हात उजवीकडे, होडी उजवीकडे. मूठ मिटली की थांब. आणि वल्हेवाल्याने कधीही, काहीही झालं तरी, काचवाल्याच्या बादलीत डोकवायचं नाही. डोकावणं म्हणजे तू चोर आहेस असं तोंडावर सांगणं. अल्फियस बारा वर्षांचा होता तेव्हापासून वल्ह्यावर होता, आता सत्तावीस उलटली होती, पण समुद्राचा तळ त्याने मामाच्या पाठीवरूनच ओळखला होता.

त्या दिवशी मामाने मूठ मिटली ती उघडेचना. अल्फियसने होडी थोपवून धरली. मामाचं डोकं बादलीत, मानेची शीर ताठलेली. बराच वेळ गेला. पाण्यावर पेट्रोलचा वास आला, अगदी दाट, पण तवंग कुठेच नव्हता. मग मामाने डोकं वर काढलं, होडीतला लांब खुंट उचलला आणि उभा राहून, सगळं अंग टाकून, चार वाव, म्हणजे चार पुरुष खोल, पाण्याखालच्या चिखलात रोवला.

"काय आहे मामा?"

"गवत," मामा म्हणाला आणि बादली गुडघ्यांत घट्ट धरून बसला.

गवतासाठी कुणी खुंट रोवत नाही. पाच वर्षांपूर्वी तळावर उगवणाऱ्या स्पंजाला रोग लागला आणि एका हंगामात सगळा तळ नासला, तोवर या गावाचं पोट स्पंजावर चालत होतं. तेव्हापासूनचा हा रिवाज. चांगला तळ सापडला की खुंट रोवायचा. खुंट रोवला की ती जागा त्या माणसाची. मग तो महिनाभर तिकडे फिरकला नाही तरी दुसरा कुणी आपली होडी जवळ नेत नाही. या गावात माणसं एकमेकांच्या कोंबड्या चोरत, बायकासुद्धा पळवत, पण दुसऱ्याच्या खुंटाला कुणी हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

अल्फियसच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. आणि तिला कारणही होतं.

युद्धाचं ते शेवटून दुसरं वर्ष. पलीकडे नासाऊला गोऱ्या शिपायांचा विमानतळ झाला होता आणि दिवसभर विमानं गावावरून पश्चिमेला जात, संध्याकाळी परत येत. फेब्रुवारीत एक गेलं ते परत आलंच नाही. आभाळ निरभ्र होतं. आत पाच माणसं होती. ईस्टरच्या आठवड्यात दुसरं गेलं, तेही तसंच. तेलाचा थेंब नाही, फळी नाही, टोपी नाही. शोधायला आलेल्या विमानांनी पाणी चाळून काढलं. समुद्र इतका उथळ की काही ठिकाणी माणूस उभा राहील, तिथे एवढं मोठं विमान लपलं कुठे, हे कुणालाच सांगता येईना. मग लष्कराची लाँच घेऊन हॅलम नावाचा एक हडकुळा अधिकारी गावात आला. त्याच्याकडे काळी वही होती. त्याने चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की विमान दाखवील त्याला विमानतळावर कायमची नोकरी.

गावात लगेच एकमेकांवर नजरा सुरू झाल्या. अमक्याच्या बायकोने विमानातल्या हवाई छत्रीला असतं तसल्या पांढऱ्या रेशमाचा झगा शिवलाय, तमक्याच्या मुलाच्या पायात बूट आहेत. झगा जुनाच निघाला, बूट मिशनरी बाईने दिलेले निघाले, तरी संशय काही गेला नाही. झाकली मूठ प्रत्येकाचीच होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याची उघडून बघायची होती.

अल्फियसला नोकरी हवी होती. घरी बायको अँब्रोसीन, दोन वर्षांची डोर्कस, आणि रोज मक्याच्या कण्या न् मासे, मासे न् मक्याच्या कण्या. त्याहून जास्त म्हणजे त्याला वल्ह्यावरून सुटायचं होतं. पंधरा वर्षं एका माणसाची पाठ बघून तो विटला होता. मामाने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं हे खरं, पण वाढवलेल्या पोराला जन्मभर मागेच उभं ठेवायचं असतं का, हा त्याचा प्रश्न होता. तो त्याने कधी विचारला नव्हता, म्हणून आतल्या आत आंबत चालला होता.

त्या मंगळवारनंतर मामा बदलला. पश्चिमेला जायचं नाव काढेना. बादली त्याने घराच्या आढ्याला उलटी टांगली. विचारलं तर तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प. आणि बोलला तर भलतंच. एकदा अँब्रोसीन ताडाच्या पट्ट्या विणत बसली होती, तर तिला म्हणाला, अल्फियसला निळ्या चौकड्यांचा शर्ट आहे का. ती म्हणाली, नाही, पण पिठाच्या पिशवीचं तसलं कापड मिळालंय, त्याचाच शिवायला घेतलाय. म्हातारा इतका वेळ त्या कापडाकडे बघत राहिला की तिला हसू आलं. "तुमच्यासाठीही शिवू का मामा?" ती म्हणाली. मामा न हसता म्हणाला की शिवूच नकोस, जाळून टाक. अँब्रोसीन कापड जाळणाऱ्यातली नव्हती. तिने शर्ट शिवला.

दुसऱ्यांदा त्याने अल्फियसला वाटेत गाठून बजावलं की साहेबांच्या विमानात कधी बसू नकोस. कुणी बोलावलंय मला, असं अल्फियसने विचारलं. मामा पाय फेकत निघून गेला. अल्फियसला मात्र सगळं लख्ख कळल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याला खुंटापाशी विमान सापडलंय. तो साहेबाला एकटाच दाखवणार, नोकरी नाहीतर आणखी काही घेणार, आणि भाचा विमानतळावर पोचू नये म्हणून आधीच भीती घालून ठेवतोय. संशयाचं असंच असतं. एकदा मनात घर केलं की भाडं तोच ठरवतो.

जुलैत हॅलमची लाँच पुन्हा आली. धक्क्यावर तो उतरला तेव्हा मामा समोरच जाळं विणत होता. त्याने मान वर केली आणि हातातली सुई खाली पडली. उठून तो हॅलमजवळ गेला आणि, आजवर गावात कुणी केलं नव्हतं ते केलं, साहेबाच्या बाहीला हात लावला. नुसता लावला नाही, चाचपला. हॅलम मागे सरकला. मामा पुटपुटला, "कोरडी आहे." लोक हसले. अल्फियस हसला नाही. चोराच्या मनात चांदणं, असं तो मनाशी म्हणाला, आणि त्याच दुपारी लाँचवर जाऊन त्याने खुंटाची गोष्ट सांगून टाकली.

हॅलमने सगळं वहीत लिहून घेतलं आणि मामाला बोलावलं. मामा निमूटपणे लाँचमध्ये बसला. पूर्ण वाटेत त्याने भाच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि अल्फियसला त्या न बघण्याचा राग आला. रागावायला पाहिजे होतं म्हाताऱ्याने, शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

खुंट होता तिथेच उभा होता. पाणी नितळ होतं. लष्कराचा पाणबुड्या उतरला, तीनदा वर आला, तीनदा मान हलवली. तळाला चिखल, बाकी काही नाही. एक गवताची काडीसुद्धा नाही.

हॅलम मामाला म्हणाला, "मग खुंट कशासाठी?"

मामा म्हणाला, "चूक झाली साहेब."

हॅलमला ते पटलं नाही. संशय घेणं हे तर त्याचं कामच होतं. होतं ते कुणीतरी ओढून नेलंय, असं तो लाँचवाल्याला म्हणाला. वरून चिखलावरचे ओरखडे दिसतील. उद्या सकाळी पाण्यावर उतरणारं विमान गावासमोर आणतो, आणि या मुलाने बरोबर यायचं, वरून जागा दाखवायची. त्याने अल्फियसच्या खांद्यावर हात ठेवला. अल्फियसची छाती फुगली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला बघायला सांगत होतं.

दिवेलागणीला मामाचा निरोप आला. अल्फियस गेला तो भांडायच्या तयारीनेच. मामा कंदिलाजवळ बसला होता. वर आढ्याला बादली टांगलेली, तिच्या काचेत कंदील उलटा दिसत होता. किनाऱ्यावर, उथळ पाण्यात कुंपण घालून केलेले, स्पंज कुजवून धुवायचे जुने वाडे होते, ओहोटी लागली की त्यांचा मेलेला वास अजूनही घरात शिरायचा. तो आज जास्तच होता.

"बस," मामा म्हणाला. "सांगायचं नव्हतं. आता सांगतो."

आणि तो सांगू लागला, कंदिलाकडे बघत, हलक्या आवाजात. त्या मंगळवारी त्याने काचेत विमान पाहिलं होतं. आख्खं. तळावर कुणीतरी अलगद ठेवल्यासारखं. होडीसारखं पोट असलेलं, पाण्यावर उतरतात त्यातलं, आणि शेपटीवर नव्या पत्र्याचं ठिगळ. काचा शाबूत होत्या. आत माणसं बसली होती, पट्टे बांधून, आपापल्या जागी. सात गोरे आणि आठवा...

"त्या सातांत हॅलम साहेब होता," मामा म्हणाला. "मांडीवर वही घेऊन."

अल्फियसला हसू फुटलं. "हॅलम साहेब तर आज माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. आणि पाणबुड्या उतरला तेव्हा ते विमान कुठे गेलं होतं? जेवायला?"

"ते अजून पडलेलं नाही, पोरा."

बाहेर कुणाची तरी होडी धक्क्याला लागल्याचा आवाज झाला.

"खुंट मी माझा माल म्हणून नाही रोवला," मामा म्हणाला. "तिथे कुणी फिरकू नये म्हणून रोवला. आपल्या गावात दुसऱ्याच्या खुंटाजवळ कोण जातं? मला वाटलं, याच्याहून मजबूत कुंपण नाही. आणि तू साहेबालाच घेऊन गेलास..."

"आठवा कोण होता?" अल्फियसने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं.

"पाठमोरा होता. मी कधी तुझी पाठ बघितली नाही रे, तू नेहमी माझ्या मागे. म्हणून आधी ओळखली नाही. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता."

एखादा घाबरला असता. अल्फियस मात्र संतापला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने कापडाची चौकशी आधीच करून ठेवली ती याच गोष्टीसाठी. केवढा पुढचा विचार, केवढा कावा. तो उठला आणि म्हणाला की मामा, तुला माझं चांगलं बघवत नाही. उद्या मी वरून सगळा तळ बघीन, तुझ्या बादलीत मावत नाही तेवढा. मामाने कंदिलाची वात तेवढी कमी केली.

सकाळी शर्ट दोरीवर नव्हता. अँब्रोसीन म्हणाली, मामा पहाटेच येऊन मागून घेऊन गेला. साहेबांसमोर जायचंय, अंगावर धड काही नाही, म्हणाला. मला काय माहीत तो तुला आजच हवा होता. अल्फियस धावत धक्क्यावर आला. सगळं गाव जमलं होतं. पूर्वेकडून विमान आलं, पाण्यावर पांढरी रेघ ओढत थांबलं आणि सावकाश वळलं. वळताना त्याची शेपटी गावाकडे झाली.

शेपटीवर नव्या पत्र्याचं ठिगळ होतं. उन्हात नुसतं चमकत होतं.

मामा तोवर छोट्या होडीत बसून विमानाकडे निघालाही होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट त्याला खांद्यांत आखूड होता. विमानाच्या दारात उभा राहून हॅलम काहीतरी विचारत होता, बहुतेक तो मुलगा कुठाय म्हणून. मामाचं उत्तर पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं. "खुंट माझा आहे साहेब. दाखवायचा तर मीच दाखवणार."

एक हाक पुरली असती. अल्फियसला पुढे आयुष्यभर पुरेल इतकी ती हाक त्याच्या घशात होती. पण त्याने ठिगळ पाहिलं होतं, आणि त्याचे पाय फळीला चिकटले. त्याला वाटलं, हाक मारली तर मामा मागे फिरेल, आणि मग मला जावं लागेल. हा विचार त्याने केला. दुसऱ्या कुणाच्या नाही, त्याच्याच डोक्यात तो आला, आणि आल्यावर त्याला बरं वाटलं, हेही खरं. विमानाचं दार बंद झालं. आरोळी ठोकत ते पाण्यावरून धावलं, उठलं, खुंटाच्या दिशेने गेलं. त्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग आला नाही. विरत गेला असं नाही, मधेच आला नाही.

तीन दिवस शोध चालला. आणखी विमानं आली, बोटी आल्या, नवा अधिकारी आला. खुंटापाशी पुन्हा पाणबुड्या उतरला. चिखल. गावात जो बुडतो त्याचं प्रेत मिळो न मिळो, शेजारी जमून भजनं म्हणतात, त्याचं नाव घेऊन त्याला वाटेला लावतात. मामासाठीही जमले. रिकाम्या खाटेवर त्याची टोपी ठेवली होती. सगळे गात होते. अल्फियसच्या ओठांतून शब्द फुटला नाही. अँब्रोसीनला वाटलं, दुःखाने. तिने त्याचा हात धरून ठेवला आणि त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला.

आठवडाभर त्याला झोप नव्हती. आठव्या दिवशी वारा पडला. सकाळी त्याने मामाच्या आढ्याची बादली उतरवली आणि एकटाच निघाला. अँब्रोसीनला म्हणाला, शंख बघून येतो.

खुंटाजवळ पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. समुद्र दुधासारखा, पक्षी नाही, आवाज नाही, वल्ह्यावरून गळणारे थेंब तेवढे मोठ्याने पडत होते. आणि पेट्रोलचा वास. अल्फियस होडीच्या पुढच्या टोकाला गेला, मामा बसायचा तिथे. तिथल्या फळीला मामाच्या गुडघ्यांनी दोन खळगे पडले होते. त्यांत त्याचे गुडघे बसेनात. त्याने बादली पाण्यात दाबली आणि पहिल्यांदा आत तोंड घातलं.

विमान होतं.

इतकं स्पष्ट की त्याने हात मागे घेतला. ज्या तळावर दोनदा पाणबुड्या उतरला तिथेच, खुंटापासून होडीभर अंतरावर. शेपटीवरचं ठिगळ, काचा, सगळं धड. आत माणसं बसली होती. त्याने मोजली. पुढे दोन, त्यांच्या मागे एक, मग दोन, मग हॅलम, मांडीवर वही, पेन्सिल हातात. शेपटीकडे एक. सात. पुन्हा मोजली. सातच.

खिडकीजवळ आठवी जागा होती. रिकामी. पट्टा मात्र बांधलेला होता, आतून कुणीतरी घसरून निघून गेल्यासारखा.

अल्फियसच्या तोंडून मामाचं नाव निघालं आणि काचेवर वाफ धरली. त्याने ती बाहीने पुसली. मग त्याला दार दिसलं. विमानाच्या कुशीतलं दार उघडं होतं आणि दारापासून चिखलात पावलं निघाली होती. अनवाणी. डावं, उजवं, डावं, उजवं. या चिखलावरून मासा गेला तरी त्याची खूण क्षणात भरून येते. ही पावलं मात्र कडांसकट तशीच होती.

ती पूर्वेला चालली होती, गावाकडे.

एकट्याने काच धरून वल्हं मारता येत नाही. त्याने ते केलं. एक हात बादलीवर, दुसरा मागे वल्ह्यावर, मान अवघडलेली, तो पावलांच्या वरून होडी नेत राहिला. आधी त्याला आनंद झाला होता. मामा सुटला, मामा चालत घरी गेला, असलं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं, कारण माणसाला जे हवं ते आधी मनात येतं. पण पावलं एका चालीची होती. कुठे थांबली नव्हती, कुठे वाकली नव्हती. श्वासासाठी एकदाही वर उसळलेली नव्हती. आणि मामा पाय फेकत चालायचा. हा जो कोणी चालला होता, त्याची चाल अल्फियसला ओळखीची वाटत होती, पण कुणाची ते आठवत नव्हतं. चार वाव पाण्याचे तीन झाले, तिनाचे दोन. मग कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं. तिथे त्याला बादलीची गरज उरली नाही. होडीच्या कडेवरून सरळ दिसत होतं. पावलं किनाऱ्याच्या वाळूत चढली होती, त्याच्या घरासमोरच्या.

त्याने होडी तशीच सोडून दिली आणि पाण्यातून धावत निघाला.

अँब्रोसीन दाराबाहेर सावलीत बसून पट्ट्या विणत होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या बंद दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. हातातलं विणकाम हळूहळू मांडीवर आलं.

"तू बाहेर कधी आलास?" ती म्हणाली. "मी तर इथून उठलेच नाही..."

अल्फियसने नुसती मान हलवली.

"मघाशी आलास ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शब्दागणिक बारीक होत गेला. "ओलाचिंब. अंगाभोवती कसलं पांढरं मऊ कापड गुंडाळलेलं. मी विचारलं कुठलं, तर बोलला नाहीस. प्यायला पाणी दिलं, ते थुंकलंस. समुद्राचं आण म्हणालास. मला वाटलं तुला ताप चढलाय... मी आणलं. दोन तांबे प्यायलास. मग तोंड भिंतीकडे करून आडवा झालास, आणि डोर्कस आपणहून येऊन तुझ्या कुशीत शिरली."

बंद दाराआड डोर्कस जागी होती. तिची बोबडी बडबड चालली होती. थोडं बोलून ती थांबायची, कुणीतरी सांगितलेलं ऐकून घेतल्यासारखी, आणि मग "हो" म्हणायची.